मुखवटा, पट्ट्यांची पँट आणि नंबर वन : क्वायट रायटचा 'मेटल हेल्थ'

(अल्बमचं कव्हर, कॅमेरा हळूहळू जवळ)

हा गडी नीट बघून घ्या. तोंडावर धातूचा मुखवटा, अंगात लाल लेदरचं जॅकेट, वेड्यांच्या हॉस्पिटलात हात बांधून ठेवायला घालतात तसलं. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या कुठल्याही रेकॉर्डच्या दुकानात शिरलात की हा समोर उभा. बँडचं नाव क्वायट रायट, अल्बम 'मेटल हेल्थ', आणि २६ नोव्हेंबर १९८३ च्या आठवड्यात हा अल्बम बिलबोर्ड ह्या अमेरिकन मासिकाच्या अल्बमच्या यादीत एक नंबरला जाऊन बसला, तेही द पोलिस ह्या बँडच्या 'सिंक्रोनिसिटी'ला खाली ढकलून. हेवी मेटलचा, म्हणजे ढणढणीत गिटार-ड्रमवाल्या रॉकचा, पहिला नंबर वन अल्बम म्हणून ह्याचंच नाव घेतात. आता कोणी म्हणेल लेड झेपेलिन हा रॉक बँड आधीच नंबर वन होता की. होता ना, पण त्यांना मेटलचा शिक्का कधी आवडला नाही, आणि ह्यांनी तर अल्बमच्या नावातच मेटल घातलं.

(जुने फोटो, लॉस एंजेलिसचे क्लब)

ही पोरं एका रात्रीत वर आली असं समजू नका. बँड सुरू झाला १९७३ मध्ये, लॉस एंजेलिसला. फोटोत ठिपक्यांच्या टायमध्ये जो बारीक मुलगा दिसतोय तो रँडी ऱ्होड्स, गिटारवाला. ह्याच्या आईची नॉर्थ हॉलिवूडमध्ये म्युझिक स्कूल होती, तिथेच हा शिकला आणि नंतर तिथेच शिकवायलाही लागला. गायक केव्हिन डुब्राव थोडा नंतर आला. क्लब हाऊसफुल, पण अमेरिकेतली एकही कंपनी करार करायला तयार नाही. दोन अल्बम निघाले ते फक्त जपानमध्ये. घरच्या गल्लीत गर्दी आणि रेकॉर्ड मिळणार टोकियोत, काय म्हणायचं ह्याला!

मग १९७९ मध्ये रँडीला ब्लॅक सबॅथ बँडचा माजी गायक ऑझी ऑस्बॉर्नने उचललं, बँड मोडला. पुढे बेसवाला रुडी सार्झोही ऑझीकडेच गेला. डुब्राव मात्र हटला नाही, स्वतःच्या आडनावाने बँड चालवत राहिला, गिटारला कार्लोस कवाझो आला आणि ड्रमवर फ्रँकी बनाली. हा बनाली लक्षात ठेवा.

१९ मार्च १९८२ ला फ्लोरिडात छोटं विमान कोसळून रँडी गेला. डुब्रावने त्याच्यासाठी 'थंडरबर्ड' गाणं केलं होतं, ते रेकॉर्ड करायला रुडी आला, वाजवलं, आणि मग राहिलाच, आणि बँडचं नाव पुन्हा क्वायट रायट झालं. अल्बममध्ये ते शेवटचं गाणं आहे.

(स्टुडिओचे फोटो)

प्रोड्यूसर स्पेन्सर प्रॉफर. ह्याचं म्हणणं, स्लेड ह्या इंग्लिश बँडचं 'कम ऑन फील द नॉइझ' तुम्ही करा. १९७३ मध्ये इंग्लंडात ते नंबर वन होतं, अमेरिकेत कोणी हुंगलंसुद्धा नव्हतं. डुब्रावला गाणं नकोच होतं, दुसऱ्याचं कशाला गायचं म्हणून. तर ह्यांनी ठरवलं काय, की तालीमच करायची नाही, स्टुडिओत बोलावलं की मुद्दाम रडतखडत वाजवायचं, प्रॉफर वैतागून नाद सोडेल. बनालीनेच हा किस्सा नंतर मुलाखतींत सांगितलाय. ठरलेला दिवस आला, डुब्राव कोपऱ्यात हसत बसलेला, आता मजा येणार म्हणून, आणि बनालीने ड्रमवर ठोका धरला आणि तो इतका पक्का बसला की बाकीचे आपोआप मागे आले, गाणं शेवटपर्यंत गेलं आणि टेप चालू होता. वाजवता वाजवता बनालीला दिसत होतं ते फक्त डुब्रावच्या तोंडावरचं हसू उतरताना.

आता रेकॉर्डवरची सुरुवात ऐका.

(गाण्याचे पहिले काही सेकंद, निवेदन बंद)

गिटार आहे कुठे? नाहीच. नुसते ड्रम आणि त्यावर सगळ्यांचा आरडाओरडा, गिटार नंतर येते. लोक म्हणतात ह्यांनी दुसऱ्याच्या गाण्यावर नाव कमावलं. अहो, गाणं स्लेडचं, पण हा दणका कोणाचा? स्लेडचं मूळ गाणं अमेरिकेत ९८ व्या नंबरपर्यंत कसंबसं पोचलं होतं, ह्यांचं पाचव्यावर गेलं. आणि टायटल गाणं तर ह्यांचंच आहे, त्याचा रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारी गिटारची धून, कवाझोने आपल्या आधीच्या बँडमधून आणलेला.

(यूएस फेस्टिव्हलचं फुटेज)

हे बघा. २९ मे १९८३, कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोजवळचं मैदान. ॲपलवाल्या स्टीव्ह वॉझ्नियॅकने स्वतःचा पैसा ओतून फेस्टिव्हल भरवलेला आणि त्यातला हा एक अख्खा दिवस मेटलचा. मॉटली क्रू, ऑझी, जुडास प्रीस्ट, स्कॉर्पियन्स, व्हॅन हेलन, सगळे रांगेत. आणि त्या सगळ्यांच्या आधी, भर उन्हात, ओपनिंगला क्वायट रायट. अल्बम येऊन अडीच महिने झालेले. डुब्रावची पट्ट्यापट्ट्यांची पँट बघा, आणि समोर नजर पोचेल तिथपर्यंत माणसं, धूळ, उघडी अंगं. सगळ्यांच्या आधी वाजवणाऱ्याला लोक सहसा थंडच प्रतिसाद देतात. इथे काय चाललंय ते तुम्हीच बघा.

(एमटीव्हीवरचे व्हिडिओ)

बाकीचं काम एमटीव्हीने केलं. टायटल गाण्याच्या व्हिडिओत गाद्या लावलेल्या भिंतींची खोली, तोच मुखवटा, आणि तिथून सुटून थेट स्टेजवर. एका आठवड्याने लायनेल रिचीने पहिला नंबर काढून घेतला, पण तोवर सगळ्या कंपन्यांना कळलं होतं की ह्यात पैसा आहे, आणि लॉस एंजेलिसच्या क्लबवाल्या रस्त्यावर, सनसेट स्ट्रिपवर, केस फुगवलेला जो दिसेल त्याला करार मिळायला लागले. एकट्या अमेरिकेत साठ लाखांवर प्रती गेल्या.

पुढच्या वर्षी 'कंडिशन क्रिटिकल' आला, पुन्हा एक स्लेडचं गाणं घेऊन, पण तेवढा चालला नाही. डुब्राव मुलाखतींत इतर बँडना शिव्या घालत सुटला आणि १९८७ मध्ये त्याच्याच बँडने त्याला काढलं. नंतर परत आला, २००७ मध्ये लास व्हेगसला वारला. बनाली २०२० मध्ये कॅन्सरने. रुडी सार्झो २०२१ मध्ये बँडमध्ये परतला.

(टायटल गाणं, ड्रमचा आवाज वर)