होहचं खोरं: वाचलेलं सखल जंगल

[दृश्य: नदीचं रुंद पात्र, दुधाळ निळसर पाणी]

होह नदी कुठून येते, ते तिच्या पाण्याच्या रंगावरून कळतं. माउंट ऑलिम्पसवरच्या हिमनद्या सरकताना खडक घासतात, आणि त्यांची पिठासारखी बारीक पूड पाण्यात मिसळून खाली येते. आपण अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात आहोत, ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिम बाजूला. पॅसिफिकवरून आलेले ढग या डोंगरांना अडतात आणि खोऱ्यात रिते होतात. वर्षाकाठी साडेतीन मीटरहून जास्त पाऊस!

[दृश्य: कॅमेरा बुंध्यावरून वर सरकतो]

हा सिटका स्प्रूस, शेजारी वेस्टर्न हेमलॉक. यांतली कित्येक झाडं काही शतकांची आहेत. पण वर बघून झालं की नजर खाली आणा, कारण या जंगलाचं खरं काम जमिनीलगत चालतं. मॉस (शेवाळासारखी मऊ, हिरवी वनस्पती) आणि नेच्यांच्या दाट थरात नवं बी सहसा तग धरत नाही. ते रुजतं पडलेल्या खोडावर. एकाच खोडावर रोपांची रांग उभी राहते, मुळं त्याला वेढून जमिनीत उतरतात. पुढे खोड कुजून संपतं, आणि सरळ रेषेत उभी असलेली, मुळांखाली पोकळी असलेली मोठी झाडं तेवढी उरतात. म्हणून इथलं मेलेलं लाकूड कुणी हलवू नये.

[दृश्य: मॉसने लगडलेल्या मेपलच्या फांद्या]

‘हॉल ऑफ मॉसेस’ ही जेमतेम सव्वा किलोमीटरची फेरी. इथल्या बिगलीफ मेपलच्या फांद्यांवर मॉस, दगडफूल आणि नेच्यांचे जाड थर साचतात, त्यांची तिथेच माती होते. जंगलांच्या अभ्यासक नलिनी नाडकर्णी दोर लावून अशा झाडांवर चढल्या. आडनाव ओळखीचं वाटलं ना? वडील भारतातून अमेरिकेत गेलेले. मेपलची झाडं फांद्यांमधूनच मुळं फोडून त्या वरच्या मातीत शिरतात, हे त्यांनी १९८१ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडलं. जमिनीपासून इतक्या उंचावर झाड स्वतःसाठी अन्न शोधतं, हे कळल्यावर त्या हिरव्या झालरींकडे नुसती शोभा म्हणून बघवत नाही.

[दृश्य: नदीकाठच्या गवतात एल्कचा कळप]

हे रूझवेल्ट एल्क, हरणांच्या कुळातले मोठे प्राणी. रोपं आणि झुडपं खाऊन ते जंगलाचा तळ मोकळा ठेवतात. त्यांच्यापासून किमान ४५ मीटर लांब राहायचं, असा उद्यानाचा नियम आहे. १९०९ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी इथे राष्ट्रीय स्मारक, म्हणजे एक संरक्षित क्षेत्र, घोषित केलं, त्यामागे हेच एल्क होते. पण १९१५ मध्ये त्याचं क्षेत्र जवळजवळ निम्म्यावर आणलं गेलं.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं, लाकूडतोड]

बर्फाची शिखरं राखायला कुणाची फारशी हरकत नसते. भांडण होतं ते खालच्या खोऱ्यांवर, कारण सर्वांत मोठं लाकूड तिथेच उभं होतं. १९३७ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट स्वतः हा भाग बघून गेले, १९३८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, आणि होह व बोगाशीलच्या खोऱ्यांतलं जंगल १९४० मध्ये त्यात आलं. क्वीट्स नदीकाठचा पट्टा यायला १९५३ उजाडलं. या तारखांमागची चिकाटी मला शिखरांच्या उंचीपेक्षा मोठी वाटते.

[दृश्य: अप्पर होह रोड, गाडीतून]

उन्हाळ्यात इथे जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, दुपारी प्रवेशद्वारावर गाड्यांची रांग लागते. गर्दी टाळायची असेल तर होह रिव्हर ट्रेल धरा. वाट नदीच्या काठाने जाते, सुरुवातीचा बराच भाग सपाट आहे, जमेल तिथून मागे फिरता येतं. आणि येता-जाता रस्त्याकडेची झाडं नीट पाहा. उद्यानाच्या हद्दीबाहेर बराच भाग तोडून पुन्हा लावलेला आहे: एकाच वयाची, एकाच जाडीची झाडं. हद्द ओलांडली की खोडांचा घेर बदलतो. तो फरक डोळ्यांनी दिसतो, फलक वाचावा लागत नाही.