भानामतीचे घर

(दृश्य : तिन्हीसांज. कौलारू घर. चौकटीला लिंबू-मिरची, काळी बाहुली.)

पडद्यावर दिसणारे हे घर प्रातिनिधिक आहे. ज्या घरांमध्ये भानामतीचे, म्हणजे करणीने किंवा भुताने घडतात असे मानले जाणारे, प्रकार खरोखर घडले, त्यांची गावे आणि तिथल्या माणसांची नावे आम्ही सांगणार नाही. भानामतीचा छडा लावणाऱ्या कार्यकर्त्यांचा तो पहिला नियम आहे आणि तो आम्हीही पाळला आहे.

अशा घरातली माणसे जे सांगतात, ते बहुधा एकाच वाटेने जाते. रात्री कौलांवर दगड पडतात. दोरीवर वाळत घातलेली साडी अचानक पेट घेते, बंद पेटीतले कपडे कातरलेले निघतात, वाढलेल्या ताटात केस सापडतात, आणि एके दिवशी घरातल्या कोणाच्या तरी दंडावर काळ्या फुल्या उमटतात. मग देवऋषी येतो, अंगारा लावतो, उतारा टाकायला सांगतो. तेवढ्याने भागले नाही, तर करणी कोणी केली हेही तोच सांगतो, आणि त्याचे बोट भावकीतल्या कोणाकडे किंवा शेजारच्या एखाद्या एकट्या बाईकडे वळते. घरची माणसे खोटे बोलत नसतात. दगड खरोखरच पडलेला असतो, साडी खरोखरच जळलेली असते, आणि रात्र-रात्र जागून काढणाऱ्या या माणसांना हसणे म्हणजे क्रूरपणा आहे.

(दृश्य : तळहातावर बिब्बा. टोचल्यावर निघणारे काळे तेल.)

हा बिब्बा. आजीच्या औषधाच्या डब्यात तो असायचा, आणि परीट कपड्यांवर खुणा करायला त्याचाच रस वापरत. हे तेल कातडीला लागले, तर त्या क्षणी विशेष काही जाणवत नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, तिथे भाजल्यासारखा काळा डाग पडतो आणि फोड येतात. त्यामुळे फुली उमटते तेव्हा जवळपास कोणीच नसते, आणि तोच भुताचा पुरावा मानला जातो. हे कोणीही स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या अंगावर करून पाहू नये. बिब्बा उतला, तर त्याचा त्रास फार होतो.

(दृश्य : ओसरी. जमलेले गाव. प्रयोग.)

जांभळ्या पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीनचे थेंब पडतात, थोडा वेळ काहीच होत नाही, मग धूर येतो आणि काडी न ओढता जाळ उठतो. मंत्राने अग्नी पेटवणारे बुवा याच रसायनांवर आपली प्रतिष्ठा उभी करत आले आहेत. घरातली साडी पेटायला मात्र एवढा खटाटोप लागत नाही. चुलीजवळची काडेपेटी पुरते. हा प्रयोग करायचा तो मंडळींच्या मनातली भीती जरा सैल व्हावी आणि मंडळी बोलती व्हावीत म्हणून.

(दृश्य : रेघा मारलेली वही.)

खरे काम या वहीत होते. कोणती घटना, कोणत्या तारखेला, किती वाजता, आणि त्या वेळी घरात कोण कोण होते. नोंदी वाढत गेल्या, की प्रत्येक वेळी एकच व्यक्ती आसपास होती, असे दिसू लागते. त्यानंतर कार्यकर्ते घरातल्या प्रत्येकाशी दार लोटून, एकेकट्याने बोलतात. त्या खोलीत आमचा कॅमेरा गेलेला नाही, आणि तो जायलाही नको होता. शाळा अर्ध्यावर सुटलेली मुलगी, सासरी जिला कोणी विचारत नाही अशी सून, परीक्षेच्या धास्तीने खचलेला मुलगा, यांच्यापैकी कोणीतरी तिथे रडत रडत सगळे सांगते. तोंडाने सांगायची सोय घरात नव्हती, म्हणून ते दगडाने सांगितलेले असते. कधी करणाऱ्यालाही आपण काय करतो याचे पूर्ण भान नसते. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे लागते. बाहेर आल्यावर नाव कोणालाही सांगितले जात नाही. ‘आजपासून हे प्रकार थांबतील,’ एवढेच घरच्यांना सांगितले जाते, कारण नाव फुटले तर त्या माणसाला त्याच घरात पुढे जगणे कठीण होईल.

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८९पासून हे काम करीत आली आहे. तिचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या झाडून हत्या झाली. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला, आणि करणीचा आळ घेऊन कोणाचा छळ करणे हा सहा महिने ते सात वर्षे कैदेचा गुन्हा ठरला. असा आळ आलेल्या बायकांनी मार खाल्ला आहे, गाव सोडले आहे.

(दृश्य : पुन्हा तीच ओसरी. सकाळ.)

काही दिवसांनी कार्यकर्ते पाठपुराव्यासाठी येतात. या भेटीत भानामतीचा विषय निघत नाही. चहा होतो, पावसाच्या गोष्टी होतात, आणि उठता उठता कोणीतरी वडिलांना विचारते, की मुलीच्या शाळेच्या दाखल्याचे पुढे काय झाले.