काचेच्या कौलाखाली रेम्ब्रांट

बेळगावच्या शहापूर भागातलं हे जुनं घर. माळ्यावरच्या खोलीची एकुलती खिडकी बंद. उजेड येतो तो छपरातल्या काचेच्या कौलातून. आभाळ भरलेलं असलं की हा उजेड बराच वेळ जागचा हलत नाही, म्हणून आमच्या चित्रकारांचं माणूस समोर बसवून रंगवायचं हे काम पावसाळ्यातलं.

खुर्चीत बसलेत शेजारचे विणकर काका. कौलाच्या बरोबर खाली बसवलं तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. म्हणून खुर्ची दोन हात मागे, जराशी तिरकी. आता बघा, नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळाली आणि अंधारातल्या गालावर, डोळ्याखाली, उजेडाचा एक त्रिकोण उरला. लग्नाचे फोटो काढणारेही याला रेम्ब्रांट लायटिंगच म्हणतात.

रेम्ब्रांट हा चित्रकार, 1606 ते 1669. हॉलंडमधल्या लायडनच्या गिरणीवाल्याचा मुलगा. 1628 च्या सुमारास त्यानं स्वतःचं एक चित्र केलं, ते आज अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. डोळे चक्क सावलीत. उजेड मानेवर आणि गालाच्या कडेला. केसांच्या बटा ओल्या रंगात ब्रशच्या उलट्या टोकानं खरवडलेल्या. बाविशीतल्या पोराची ही हिंमत!

नक्कल करणारे बहुतेक सगळे फसतात ते सावलीत. काळा रंग थापला की चेहरा कोळशासारखा मरतो. आमचे चित्रकार तसं करत नाहीत. कॅनव्हासला आधी मातकट अस्तर. सावलीत बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी रंग, तेलात इतका पातळ की खालचं अस्तर दिसत राहतं. पांढरा रंग जाड, तो फक्त कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर आणि पटक्याच्या घडीवर. मिशीवर आले की ब्रश उलटा धरतात आणि तीन-चार केस सरळ खरवडून काढतात.

समोर माणूस बसवून रंगवायची बेळगावात जुनी परंपरा. चित्रकार के. बी. कुलकर्णींच्या ‘चित्र मंदिर’ या चित्रशाळेत कितीतरी हात तयार झाले. चित्रकार रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी. त्या वळणाच्या पोर्ट्रेटमध्ये उजेड मोकळा असतो. इथे मात्र मुद्दाम कोंडलाय.

“आणि किती वेळ रे? मान धरली की माझी.”

“झालंच काका. हनुवटी तेवढी खाली घ्या.”

काका शेवटी उठतात, चष्मा लावून कॅनव्हासजवळ जातात.

“एक कान कुठं गेला माझा?”

“आहे तिथंच. डोळे बारीक करून बघा.”

काका बघतात. मग आपला कान चाचपतात.