कधी बंद पडते, कधी आपोआप चालू होते: जुन्या गाडीच्या वायरिंगचं दुखणं

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं गाड्यांच्या वायरिंगचं छोटं गॅरेज आहे. दोन गाड्या आत मावतात, बाकीच्या रस्त्याकडेला, आणि पाऊस लागला की एक वाक्य आम्हाला रोज ऐकायला मिळतं, "मिस्त्री, वाटेत बंद पडती आणि तुमच्या दारात आणली की एकदम झकास चालती बघा." आज याच दुखण्याबद्दल बोलणार आहे, कारण यात लोकांचा पैसा लई वाया जातो आणि ते बघून मला खरंच वाईट वाटतं.

कळे गावचे एक निवृत्त गुरुजी आहेत, त्यांच्याकडं 1998 ची मारुती 800, कार्बोरेटरवाली. गाडी अशी जपलेली की आतल्या सीटचं कापडसुद्धा पहिलंच. गाडी कोल्हापूरला येताना बालिंग्याच्या पुढं आली की झटका द्यायची आणि बंद. किल्ली फिरवली तर कधी लगेच चालू, कधी वीस मिनिटं थांबावं लागायचं. माझ्याकडं येईपर्यंत त्यांनी बॅटरी बदलली होती, प्लगच्या ठिणगीसाठी लागणारी कॉइल बदललेली, पेट्रोल पंप बदललेला, प्लग तर दोनदा, आणि प्रत्येक वेळी चार-आठ दिवस गाडी बरी चालायची म्हणून वाटायचं की झालं काम, मग परत तेच. गुरुजी म्हणाले, "मिस्त्री, आता तुम्हीच बघा, पेन्शनीतनं किती घालू यात?"

मी त्या दिवशी गाडीचं बॉनेटसुद्धा उघडलं नाही. एक वही घ्या म्हणलं. गाडी बंद पडली की लिहायचं, किती वाजले होते, इंजिन गरम का गार, पाऊस होता का ऊन, हेडलाइट लावलेले होते का, खड्डा आला होता का, आणि बंद पडल्यावर डॅशबोर्डवरचे दिवे पेटलेले होते का तेपण गेले. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. गुरुजींनी दहा दिवसांत पाच नोंदी आणल्या, अक्षर बघण्यासारखं, आणि पाचही वेळा रस्ता खराब, त्यातल्या चार वेळा गाडी अर्धा तास तरी चाललेली. डॅशबोर्डच्या दिव्यांकडं मात्र त्यांचं लक्ष गेलं नव्हतं, साहजिक आहे, मागनं उसाची ट्रॉली हॉर्न देत असताना कोण दिवे बघणार.

मग आम्ही बल्ब लावला. हे जरा नीट ऐका, कारण खर्च पन्नास-शंभर रुपयांचा पण नाही. पार्किंग लाइटचा 5 वॅटचा साधा बल्ब होल्डरसकट घेतला, कॉइलच्या प्लसवरनं एक वायर काढली, त्यात 5 अँपिअरचा फ्यूज घातला, वायर बॉनेटच्या कडेनं आत आणली आणि बल्ब डॅशबोर्डवर टेपनं चिकटवला, दुसरी बाजू बॉडीला अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडली, तिथनं करंट बॅटरीच्या मायनसला परत जातो. किल्ली चालू असली की बल्ब पेटलेला राहणार. गाडी बंद पडेल त्या क्षणाला बल्ब पेटलेलाच असला तर कॉइलपर्यंत करंट येतोय, मग डिस्ट्रिब्युटर, कार्बोरेटर, पेट्रोल तिकडं बघायचं. बल्ब विझला तर करंट मागंच कुठंतरी तुटतोय, आणि मग कॉइल बदला नाहीतर पंप बदला, काही उपयोग नाही. गाडी चालवणाऱ्यानं रस्त्यावरच लक्ष ठेवायचं हं, बल्ब बघायला शेजारी माणूस पाहिजे. गुरुजींचा नातू बसला शेजारी. फुलेवाडी नाक्याच्या पुढं खड्ड्यात गाडी बसली, बंद पडली, आणि पोरगा ओरडला, "आजोबा, बल्ब गेला!"

मग अजून दोन बल्ब, एक इग्निशन स्विचमध्ये जाणाऱ्या वायरीला, एक स्विचमधनं बाहेर येणाऱ्या वायरीला. पुढच्या वेळी आत जाणारा पेटलेला आणि बाहेरचा विझलेला. संपला शोध. स्टिअरिंगखालचं कव्हर काढलं, स्विचचं कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लास्टिकचा ठोकळा, ओढलं तर एका पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक चहासारखं तपकिरी झालेलं, आणि आतलं पितळी टर्मिनल जबडा पसरल्यासारखं उघडलेलं. सैल टर्मिनलमधनं करंट गेला की तिथं उष्णता तयार होते, उष्णतेनं ते अजून सैल होतं, खड्ड्यात हललं की सुटतं आणि गार झालं की परत चिकटतं. त्यात गुरुजींच्या किल्लीच्या जुडग्यात घराच्या, गोठ्याच्या, स्कूटरच्या मिळून अकरा किल्ल्या, एक तर भल्यामोठ्या कुलुपाची, ते सगळं वजन स्विचला लटकून प्रत्येक खड्ड्याला हिसका देणार. नवीन टर्मिनल वायरीवर दाबून बसवलं, म्हणजे क्रिंप केलं, स्विचच्या मागची कॉन्टॅक्ट प्लेट बदलली आणि गाडीची किल्ली जुडग्यातनं वेगळी काढली.

आता कुणी म्हणेल, मल्टीमीटर असताना बल्ब कशाला. मीटर पाहिजेच, पण त्याचा बझर, म्हणजे वायर अखंड असली की वाजणारा आवाज, फसवतो. समजा हेडलाइटकडं जाणारी वायर एका जागी रोज हलून, वाकून आतल्या तांब्याच्या तारा तुटत गेल्या आणि शेवटची एकच तार राहिली, वरचं प्लास्टिक नव्यासारखं दिसतंय. बझर लावला तर टुंई वाजणार, कारण मीटरला किंचितसा करंट पुरतो. पण हेडलाइटच्या एका 60 वॅट बल्बाला 5 अँपिअर लागतात, ते त्या एका तारेला झेपणार नाहीत. म्हणून मोजायचं ते लोड, म्हणजे दिवा नाहीतर मोटर, चालू ठेवून.

अर्थिंगचं तर मी जितकं सांगीन तितकं थोडंच. जुन्या गाडीत निम्मी भुतं अर्थिंगची असतात. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद होतो, हेडलाइट लावले की टेंपरेचरचा काटा वर जातो, असं काही दिसलं की आधी अर्थ बघा. मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवायचा, एक टोक बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटावर, म्हणजे क्लॅम्पवर नाही, खुंटावर, आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक लावलेला, आणि दुसऱ्या माणसाला स्टार्टर मारायला सांगायचं. पाव व्होल्टच्या आत असलं तर बरं, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर इंजिन आणि बॅटरीचा मायनस जोडणारी अर्थची पट्टी काढा. स्टार्टर 100 अँपिअर नाहीतर जास्तच ओढतो, वाटेत 0.02 ओहम अडथळा असला तरी 2 व्होल्ट तिथंच खर्च, आणि एवढासा अडथळा साध्या मीटरवर ओहम लावून दिसतच नाही. पट्टी काढली की खालची जागा पॉलिश पेपरनं चकचकीत करा, रंग आणि गंज पूर्ण काढा, घट्ट आवळा आणि वरनं पेट्रोलियम जेली लावा. आपल्याकडच्या पावसात, त्यात गगनबावड्याकडं ये-जा असेल तर, हे दरवर्षी मे महिन्यात करून टाका.

बॅटरीचं थोडक्यात सांगतो. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू केल्यावर साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट. यात असलं तर बॅटरी आणि अल्टरनेटरला दोष देण्याआधी वायरिंग बघा.

आणि एक कळकळीची विनंती. फ्यूज सारखा उडतो म्हणून 10 च्या जागी 30 चा घालू नका, सिगरेटच्या पाकिटातली चांदी तर अजिबात गुंडाळू नका. फ्यूज उडतोय म्हणजे कुठंतरी करंट जास्त जातोय, बऱ्याचदा वायर बॉडीला घासतीय. मोठा फ्यूज घातला की फ्यूज वाचतो आणि वायर जळते, ती वायर तुमच्या पायाजवळनं गेलेली असते, गाडीत लेकरं बसलेली असतात. असली जळकी वायरिंग मी या हातांनी काढलीय.

फॉल्ट सापडत नसला तर आधी नंतर जोडलेल्या वस्तू बघा. गाण्यांचा टेप, रिव्हर्स कॅमेरा, फॉग लॅम्प. मूळ वायर मध्येच सोलून त्यावर दुसरी पिळली आणि चिकटपट्टी गुंडाळली, असा जॉइंट दोन पावसाळ्यांत हिरवा पडतो. पट्टी उलगडून बघा, हाताला पांढरी-हिरवी भुकटी लागली तर तेवढा तुकडा कापून नवीन वायर सोल्डर करा, वर स्लीव्ह चढवा. मग इंजिन चालू ठेवून एकेक कपलर हातानं हळूच हलवायचं, पंखा आणि बेल्टपासून हात, बाही, गळ्यातला टॉवेल लांब ठेवून. हलवल्यावर इंजिन अडखळलं तर दुखणं तिथंच. सर्व्हिसिंगला गेलात तर इंजिनवर जोरात पाणी मारू देऊ नका, पाणी कपलरमध्ये शिरतं आणि दुखणं महिन्याभरानं बाहेर येतं, तोवर धुतलेलं कुणाच्या लक्षातपण नसतं.

गुरुजींच्या गाडीतले बल्ब मी लगेच काढले नाहीत. आधी पण ती आठ-आठ दिवस बरी चाललीच होती की, मग मी दुरुस्त केली म्हणून कसं सांगणार? म्हणलं, त्याच रस्त्यानं, त्याच खड्ड्यांतनं महिनाभर चालवा, वही चालू ठेवा. महिन्यानं गुरुजी आले, वहीत तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेसमोर "बंद पडली नाही, बल्ब पेटलेला" एवढंच. मग बल्ब काढले. त्यातला एक आता कळंब्याच्या एका जुन्या ओम्नीत चिकटवलाय, मालकाला वही दिलीय, आतापर्यंत दोनच नोंदी झाल्यात.