ॲबटच्या फरशीतले जात्याचे दगड

हा टॉवर नीट बघा. लालसर विटा दिसतायत ना, त्या रोमन आहेत, शेजारच्या वेरुलेमियमच्या पडक्या शहरातून उचलून आणलेल्या. इंग्लंडमधलं सेंट ऑल्बन्स. आज हे कॅथीड्रल आहे, पण तेव्हा इथे बेनेडिक्टाइन ह्या ख्रिस्ती पंथाच्या साधूंचा मठ होता आणि मठाचा प्रमुख, म्हणजे ॲबट, हाच गावाचा जमीनदार. त्यामुळे देवाचं काम असो की दळणाचं, जायचं मठाच्याच दारात.

आता हे घड्याळ. मूळचं नाही, नंतर तसंच बनवलंय, पण चाकं बघा, दाते बघा. मूळ घड्याळ रिचर्ड ऑफ वॉलिंगफोर्डचं, 1327 मध्ये ॲबट झालेला, लोहाराचा पोरगा, ऑक्सफर्डला शिकलेला, अंगावर कुष्ठरोग आणि डोक्यात सतत गणित. सूर्य, चंद्र, ग्रहणं, लंडन ब्रिजला भरती कधी, सगळं एका यंत्रात. तिसरा एडवर्ड राजा म्हणे त्याला बोलला, चर्च पडायला आलंय आणि तू घड्याळावर पैसा घालतोयस? तर हा म्हणाला, चर्च बांधणारे नंतरही मिळतील, हे पूर्ण करणारा मिळणार नाही. माणूस हुशार, वादच नाही.

आणि ह्याच हुशार माणसानं 1331 मध्ये गावातली जाती जप्त केली.

जातं म्हणजे हेच, दोन दगड, मधे भोक, कडेला खुंटा, मूठभर धान्य टाका, फिरवा, पीठ बाहेर. घरात दळलं की फुकट. मठाच्या गिरणीवर दळलं की धान्यातला वाटा मठाला, म्हणून घरी दळायलाच बंदी! आणि ते दगड ह्यानं नुसते ठेवून नाही दिले, मठातल्या बैठकीच्या खोलीत फरशी म्हणून बसवले.

पन्नास वर्षं गावानं हे लक्षात ठेवलं. हे मठाचं गेटहाऊस, जून 1381 मध्ये, शेतकऱ्यांच्या बंडात, गावकऱ्यांचा पुढारी विल्यम ग्रिंडकॉबच्या मागे लोक इथे धडकले, आत घुसले, फरशी उखडली, दगड फोडले आणि रविवारी चर्चमध्ये आशीर्वादाचा पाव वाटतात तसे त्याचे तुकडे एकमेकांना वाटले, घरी नेले.

जुलैत दुसरा रिचर्ड राजा स्वतः आला, ग्रिंडकॉबला फाशी, जॉन बॉल ह्या बंडखोर पाद्र्यालाही इथेच मारलं, बंडात मठाकडून मिळवलेल्या हक्कांच्या सनदा परत गेल्या. 1539 मध्ये मठच बंद पडला. 1553 मध्ये गावानं हे चर्च 400 पौंडांना विकत घेतलं, आणि डागडुजीचा खर्चही मग गावाच्याच माथी आला.