कोऱ्या सीडीतली खाच

(दृश्य : स्पिंडलवरून, म्हणजे चकत्या ओवून ठेवायच्या दांड्यावरून, एक कोरी डीव्हीडी उचलली जाते. दिव्याखाली तिरकी होताच तिच्यावर रंग पसरतात.)

ही डीव्हीडी कोरी आहे. तिच्यावर अजून काहीही राइट केलेलं नाही. तरी हे रंग आले कुठून?

कोरी चकती गुळगुळीत नसते. कारखान्यातच तिच्या प्लॅस्टिकमध्ये आतून बाहेरच्या कडेपर्यंत फिरत जाणारी एकच अखंड खाच उठवलेली असते. रायटरमधल्या, म्हणजे चकतीवर लिहिणाऱ्या यंत्रातल्या, लेझरला लिहिताना वाट सापडावी, म्हणून. या दाट वेढ्यांवरून परतताना प्रकाशातले रंग वेगवेगळ्या दिशांना पसरतात, तेच आपल्याला दिसले. सीडीमध्ये या खाचेचे शेजारशेजारचे वेढे १.६ मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अंतरावर असतात, डीव्हीडीमध्ये ०.७४ मायक्रोमीटरवर. ही खाच उलगडून सरळ मांडता आली, तर सीडीतली पाच किलोमीटरहून जास्त भरेल आणि डीव्हीडीतली अकराहून जास्त.

(दृश्य : कपाटाचा खण. अर्धवट वापरलेली स्पिंडलं, पाकिटातल्या सुट्ट्या सीडी.)

एवढं नेमकं काम अंगावर घेऊन या चकत्या पडून आहेत. पेनड्राइव्ह आले, मग नव्या लॅपटॉपमधून सीडी-डीव्हीडीचा ड्राइव्हच गेला आणि स्पिंडल निम्म्यावर थांबलं. त्या टाकून देण्याआधी त्यांच्याकडून काम करून घ्यायला हवं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

पहिलं काम लिहिण्याचंच. यूएसबीला जोडायचे रायटर आजही मिळतात. कोऱ्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं. आजच्या हिशेबात ते थोडं आहे, पण घरातले निवडक फोटो, आजीच्या आवाजातलं रेकॉर्डिंग, महत्त्वाच्या कागदांचे स्कॅन यांना पुरेसं आहे. शिवाय नावात नुसता ‘आर’ (‘आरडब्ल्यू’ नव्हे) असलेल्या चकतीवर एकदा लिहिलेलं पुन्हा बदलता येत नाही. संगणकात व्हायरस शिरून सगळ्या फाइली कुलूपबंद झाल्या, तरी खणातल्या चकतीला त्याचा हात लागत नाही.

(दृश्य : रायटर सुरू. पडद्यावर ‘व्हेरिफाय’ची पट्टी पुढे सरकते.)

मात्र लिहून झाल्यावर ही तपासणी टाळू नका. चकतीत रंगद्रव्याचा एक थर असतो, लेझर त्यावरच खुणा उमटवतो. हा थर हळूहळू जुना होतो. न वापरलेल्या सीडी-आरसाठी उत्पादक साधारण ५ ते १० वर्षांची मुदत धरतात. तुमचं स्पिंडल त्याहून जुनं असेल, तर काही चकत्या राइट होताना अडतील. त्या बाजूला ठेवा. रंगद्रव्य खराब झालं तरी खाच शाबूत असते, आणि पुढच्या कामाला फक्त खाचच लागते.

(दृश्य : टेबलावर बुटांचा रिकामा खोका, काळा कागद, कात्री, एक डीव्हीडी.)

आता आपण वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाशातले रंग सुटे करून दाखवणारं साधन, बनवणार आहोत.

डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या, एकमेकींना चिकटवलेल्या. कडेच्या फटीत पातळ पातं घालून हळूच फिरवलं की त्या सुट्या होतात. हे मोठ्यांनी करायचं, डोळ्यांवर चष्मा लावून. पाहा, एका भागावर चमकदार धातू राहिला आणि दुसरा जांभळट, पारदर्शक निघाला. जांभळा रंग त्या रंगद्रव्याचा. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने तो पुसला जातो आणि हातात उरतं स्वच्छ प्लॅस्टिक, अंगभर खाचा असलेलं.

बाहेरच्या कडेजवळचा दोन सेंटिमीटरचा तुकडा कापायचा. तिथे वेढे मोठे, म्हणून खाचा जवळजवळ सरळ असतात. कापण्याआधी चकती गरम पाण्यात ठेवली तर ती तडकण्याची भीती कमी होते. खोक्याच्या एका टोकाला काळ्या कागदात केसाएवढी बारीक उभी फट, दुसऱ्या टोकाला बघण्यापुरतं भोक आणि भोकावर हा तुकडा, खाचा फटीला समांतर. झाकण लावा, सांधे काळ्या चिकटपट्टीने बंद करा. फट दिव्याकडे धरायची आणि भोकातून आत पाहायचं. सरळ नाही, बरंच तिरकं, बाजूला.

(दृश्य : भोकाला लावलेल्या कॅमेऱ्यातून. काळोखात रंगांचा पट्टा.)

हा साधा, तारेचा बल्ब. लालपासून जांभळ्यापर्यंत सलग पट्टा.

हा पांढरा एलईडी. निळा रंग ठळक, त्याच्या शेजारी पट्टा मंदावलेला, मग हिरव्यापासून पुढे पुन्हा उजेड.

आणि हा जुना सीएफएल. इथे पट्टा तुटतो. वेगवेगळ्या रंगांच्या सुट्या रेघा उभ्या राहतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या असतात. ही हिरवी रेघ ५४६ नॅनोमीटर तरंगलांबीची, दिव्यातल्या पाऱ्याच्या वाफेची. दिव्याला हात न लावता, काच न फोडता आत पारा आहे हे आपण ओळखलं. १८६८ च्या सूर्यग्रहणात खगोलशास्त्रज्ञांनी सूर्याच्या प्रकाशात एक अनोळखी पिवळी रेघ पाहिली ती अशाच पद्धतीने. ती हेलियमची होती. पृथ्वीवर हेलियम हाती लागला त्यानंतर, १८९५ मध्ये.

सीडी वापरली तरी रंग दिसतात. पण डीव्हीडीच्या खाचा दाट असल्याने तिचा पट्टा जवळपास तिप्पट रुंद पसरतो आणि रेघा सुट्या ओळखू येतात. म्हणून आमचं मत डीव्हीडीला.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा. हा खोका सूर्याकडे धरायचा नाही. सूर्यग्रहण पाहायला सीडी डोळ्यांसमोर धरणं तर मुळीच नको, त्याने डोळे सुरक्षित राहत नाहीत.

(दृश्य : गुळगुळीत फरशीवरून फुगा लावलेली सीडी सरकत जाते. मुलं मागे धावतात.)

सीडीच्या मधलं भोक १५ मिलिमीटरचं. त्यावर बाटलीचं भोक पाडलेलं झाकण चिकटवलं, झाकणावर फुगवलेला फुगा बसवला, की फुग्यातली हवा खालून निसटते आणि चकतीला जमिनीपासून किंचित उचलते. घर्षण जवळजवळ संपतं, सीडी धावत सुटते. भोकात गोटी बसवली तर भोवरा. त्यावर सात रंगांचा कागद लावून फिरवला तर रंग एकमेकांत मिसळून पांढरट दिसतात.

घड्याळं, कोस्टर, आरशाची नक्षी हेही होतं. चकती अखंड असेतोवर मात्र तिला आधी वरची कामं द्यावीत.

तुटके तुकडे जाळू नयेत, मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नयेत, ई-कचऱ्यात द्यावेत.

(दृश्य : शाळेची प्रयोगशाळा. खोके हातोहात फिरतायत.)

एका डीव्हीडीच्या कडेतून डझनभर तुकडे सहज निघतात. चाळीस मुलांच्या वर्गाला चार चकत्या पुरतात, त्याही राइट न होणाऱ्या. स्पिंडलच्या वर-खाली असलेली पारदर्शक चकतीही दिव्यासमोर धरून पाहा. रंग दिसले, तर तिच्यातही खाच आहे आणि ती सोलायचीसुद्धा गरज नाही.