मुतखड्याची कळ आणि तीन मिलीचं अँप्युल

स्ट्रेचरवर हा रुग्ण एका कुशीवर टिकत नाही. उठतो, वाकतो, कंबर दाबतो, पुन्हा आडवा होतो. अपेंडिक्सवाला निपचित पडून राहतो, मुतखड्याचा तळमळतो. कॅज्युअल्टीत अर्धं निदान इथेच होतं.

सोनोग्राफीच्या पडद्यावर मूत्रपिंडाच्या मधला हा काळा भाग म्हणजे तुंबलेली लघवी. मूत्रवाहिनीत खडा अडकला की मूत्रपिंडात प्रोस्टाग्लँडिन हे रसायन वाढतं. त्याने रक्तपुरवठा वाढतो, लघवी जास्त तयार होते, दाब आणखी चढतो. कळ या दाबाचीही असते. म्हणूनच नुसता पेटका सोडवणारं ड्रोटाव्हेरिन किंवा ब्युस्कोपॅन अनेकदा तोकडं पडतं. आपल्याकडे सवयीने पहिलं तेच टोचलं जातं, ती गोष्ट वेगळी.

हे वेदनाशामक डायक्लोफिनॅकचं अँप्युल, म्हणजे काचेची छोटी कुपी: 3 मिली, 75 मिलिग्रॅम. हे प्रोस्टाग्लँडिन बनणंच रोखतं. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचल्या जात आणि त्या गुरांचं मांस खाऊन गिधाडं मरत. म्हणून 2015पासून भारतात एका डोसचंच पॅकिंग.

सिस्टरचा हात पाहा. कुल्ल्याचे मनात चार भाग, त्यातला वरचा-बाहेरचा निवडला. सुई सरळ, खोल स्नायूत. दट्ट्या किंचित मागे. रक्त आलं नाही, मग सावकाश आत. सुई खाली, मधल्या बाजूला गेली तर सायटिक नस दुखावते. चरबीतच राहिली तर गाठ धरते.

दोह्याच्या हमद जनरल हॉस्पिटलात मुतखड्याच्या 1645 रुग्णांवर झालेली चाचणी 2016 साली प्रसिद्ध झाली. अर्ध्या तासात वेदना निम्म्यावर आली ती डायक्लोफिनॅकने 68 टक्के जणांची, शिरेतून दिलेल्या 1 ग्रॅम पॅरासिटामॉलने 66, मॉर्फिनने 61 टक्के जणांची.

शेजारच्या खाटेवर पित्ताशयातला खडा. उजव्या बरगडीखालची कळ पाठीत, खांद्याकडे जाते. घरी ॲसिडिटी समजून गोळ्या घेऊन झाल्यात. इथेही पहिलं औषध डायक्लोफिनॅकच्याच गटातलं. मॉर्फिनने पित्तनळीचं तोंड आवळतं, म्हणून त्याच जातीचं पेथिडिनच द्या, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. पेथिडिनही तेच करतं.

सुईआधी फाइल उघडली जाते: क्रिएटिनिन वाढलेलं (म्हणजे मूत्रपिंड कमजोर), अल्सर, हृदयविकार, वेदनाशामकाने उठणारा दमा, गरोदरपण. यातलं काही निघालं तर पॅरासिटामॉल, गरज पडली तर मॉर्फिन.

मुतखड्यासोबत थंडी-ताप असेल तर कळ थांबली तरी रुग्णाला घरी सोडत नाहीत. तुंबलेल्या मूत्रपिंडातला संसर्ग स्टेंट किंवा नळी घालून तातडीने मोकळा करावा लागतो.